मेजर, पण लष्करातले नव्हे

१ डिसेंबर २०२५. सीमा सुरक्षा दलाला, म्हणजे आपण ज्याला बीएसएफ म्हणतो त्याला, आज साठ वर्षं पूर्ण झाली. सकाळपासून स्टेटसवर फोटो फिरतायत, त्यातल्या निम्म्या फोटोंत लष्कराचे जवान आहेत. हसू आलं, कारण हीच चूक मी स्वतः छापून बसलेलो आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सात-आठ वर्षं झाली असतील. वावीकडच्या एका गावात फौजी निवृत्त होऊन आला. वेशीपासून घरापर्यंत मिरवणूक, ट्रॅक्टर सजवलेला, डीजे, औक्षण, भारतमाता की जय. मी बातमी लावली, "भारतीय लष्करातून निवृत्त जवानाचे जंगी स्वागत". फोटोही मोठा आला. मला वाटलं आता माणूस पेढे घेऊन येईल. तो आला, पण पेढे नव्हते. पेपरची घडी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, बातमी चांगली आहे. पण मी लष्करात नव्हतो."

मी म्हटलं, "मेजर, तुम्ही बॉर्डरवर होता ना?"

"चोवीस वर्षं. पण बीएसएफमध्ये. आणि मेजर म्हणू नका, मी हेड कॉन्स्टेबल होतो."

आता आपल्याकडे गावात वर्दीतला कुणीही सुट्टीवर आला की तो मेजर. शिपाई असो की सुभेदार. त्यात प्रेम आहे, पण त्या प्रेमात माहिती मात्र शून्य. मी चहा मागवला. तो माणूस पुढे तास-दीड तास बोलत बसला, आणि मला पहिल्यांदा कळलं की पत्रकारितेचा डिप्लोमा करून, दोन दशकं बातम्या देऊन, देशाची सीमा नेमकं कोण सांभाळतं हे मला ठाऊक नव्हतं.

त्यात आपला थोडा भौगोलिक दोषही आहे म्हणा. देवळाली शेजारी. तोफखान्याची शाळा, कॅन्टोन्मेंट, हिरव्या गाड्या हे लहानपणापासून बघितलेलं. त्यामुळे वर्दी म्हणजे लष्कर हे डोक्यात पक्कं बसलेलं. तर आधी साधा फरक सांगतो. लष्कर संरक्षण मंत्रालयाचं, बीएसएफ गृह मंत्रालयाचं. शांततेच्या काळात पाकिस्तानची आंतरराष्ट्रीय सीमा आणि बांगलादेशची सगळी सीमा बीएसएफच्या ताब्यात असते. काश्मीरच्या नियंत्रण रेषेवर ते लष्कराच्या हुकमाखाली, लष्कराच्या खांद्याला खांदा लावून असतात. चीनच्या सीमेवर आयटीबीपी, नेपाळ-भूतानकडे एसएसबी, म्यानमारकडे आसाम रायफल्स. कारगिलनंतर 'एक सीमा, एक दल' असं धोरण ठरलं, त्यातून ही वाटणी पक्की झाली. बांगलादेशची सीमा ४,०९६ किलोमीटर आहे. पाकिस्तानची नियंत्रण रेषा धरून ३,३२३. आकडे नुसते वाचून काही वाटत नाही, पण सिन्नर ते पुणे पावणेदोनशेच्या आसपास आहे, तेवढ्यावरून अंदाज करा.

मग मी शोधत गेलो की हे दल आलं कुठून. आणि शोधता शोधता धागा चक्क नाशिकला येऊन पोहोचला.

स्वातंत्र्यानंतर पहिली अठरा वर्षं आपली पाकिस्तानची सीमा कोण सांभाळत होतं माहीत आहे? राज्यांचे पोलीस. पंजाबची सीमा पंजाबच्या सशस्त्र पोलिसांकडे, राजस्थानची राजस्थानकडे, पूर्वेला तिथल्या राज्यांकडे. ज्याची त्याची हत्यारं, ज्याचा त्याचा पगार, ज्याचे त्याचे साहेब. शेजारच्या राज्याच्या चौकीशी बोलायचं तर दोन्हीकडची मुख्यालयं मधे. चोऱ्यामाऱ्या आणि तस्करी थांबवण्यापुरतं ते ठीक होतं. पलीकडून फौज आली तर काय, याचं उत्तर त्या व्यवस्थेत नव्हतं.

आणि इथे आपला संबंध येतो. १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य झालं, त्यात विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आले तसं कच्छही आलं. म्हणजे १ मे १९६० ला महाराष्ट्र वेगळा होईपर्यंत, साडेतीन वर्षं, कच्छच्या रणातली पाकिस्तानची सीमा ही मुंबई राज्याची सीमा होती. सिन्नर आणि कच्छचं रण एका राज्यात! त्या राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. शाळेच्या पुस्तकात संयुक्त महाराष्ट्राचा लढा येतो, कलश येतो, पण त्या काळात आपल्या राज्याला पाकिस्तानची सीमा होती हे मला तरी कुणी शिकवलं नव्हतं.

१९६२ ला चीनने मार दिला, कृष्ण मेनन गेले, नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आपण सगळ्यांनी भाषणात ऐकलंय. पण संरक्षणमंत्री तर झाले, खासदार कुठे होते? ती जागा दिली नाशिकने. १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिक मतदारसंघातून यशवंतराव बिनविरोध निवडून गेले. त्यांच्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही. आजच्या आपल्या जिल्ह्याचं राजकारण बघता हे वाक्य पुन्हा एकदा वाचा!

तर १९६५ साली देशाचा संरक्षणमंत्री नाशिकचा खासदार होता. आणि त्याच वर्षी कच्छमध्ये भडका उडाला. ९ एप्रिल १९६५ ला पहाटेच्या अंधारात पाकिस्तानी लष्कराची ब्रिगेड सरदार पोस्टवर चालून आली. चौकीवर लष्कर नव्हतं. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या दोन कंपन्या होत्या. समोर तोफा, इकडे पोलिसांची हत्यारं. तरी त्या पोलिसांनी तासन् तास हल्ला थोपवून धरला. सीआरपीएफ आजही ९ एप्रिलला शौर्य दिन पाळतं तो यासाठीच. शौर्य होतंच, पण दिल्लीत जो प्रश्न उठला तो वेगळा होता. फौजेच्या तोंडी पोलीस का दिले? पुढे कच्छचा वाद आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला आणि १९६८ च्या निकालात वादातल्या भागापैकी साधारण दहावा हिस्सा पाकिस्तानला मिळाला. मधे सप्टेंबरचं मोठं युद्ध होऊन गेलं. त्या युद्धात गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता कच्छच्या सीमेजवळ विमानात मारले गेले. राज्याचा मुख्यमंत्री सीमेवर मारला जातो, एवढी ती सीमा उघडी.

युद्ध संपलं आणि १ डिसेंबर १९६५ ला सीमा सुरक्षा दल उभं राहिलं. राज्याराज्यांच्या बटालियन एकत्र करून २५ बटालियनपासून सुरुवात. शास्त्रीजी पंतप्रधान, गुलझारीलाल नंदा गृहमंत्री. पहिला प्रमुख नेमला तो खुस्रो फरामर्झ रुस्तमजी. हा माणूसही आपल्याच मातीतला, नागपूरजवळच्या कामठीत १९१६ साली जन्मलेला पारशी. १९३८ ला मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पोलिसात भरती झाले. सहा वर्षं नेहरूंच्या सुरक्षेचे प्रमुख होते, मग मध्य प्रदेशचे पोलीस प्रमुख म्हणून चंबळच्या डाकूंच्या मागे लागले, आणि तिथून थेट सीमेवर. नऊ वर्षं त्यांनी दल घडवलं. राज्यांच्या पोलिसांचं एक कडबोळं हातात आलेलं, त्यात लष्करातून मोकळे झालेले तरुण अधिकारी घेतले, ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला अकादमी काढली. जाता जाता सांगतो, निवृत्तीनंतर याच माणसाने बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांवर लेख लिहिले आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयात हुसैनारा खातून खटला उभा राहिला. जनहित याचिकांचा इतिहास तिथून मोजतात. पद्मविभूषण मिळालेला हा कामठीकर. नागपुरात किती लोकांना आठवतो, ते नागपूरकरांनी सांगावं.

दल झालं, पण स्वतःचा कायदा नव्हता. तो आला १९६८ साली, सीमा सुरक्षा दल अधिनियम. तेव्हा गृहमंत्री कोण? नोव्हेंबर १९६६ पासून यशवंतराव चव्हाण! म्हणजे बघा, कच्छची सीमा राज्याची होती तेव्हा मुख्यमंत्री, तीच सीमा पेटली तेव्हा संरक्षणमंत्री, आणि सीमेच्या दलाला कायदा मिळाला तेव्हा गृहमंत्री. एकच माणूस, तीन वेगळ्या खुर्च्यांवरून. यशवंतरावांवर आपल्याकडे ढीगभर लिहिलं गेलंय. साहित्यप्रेम, सहकार, पंचायत राज, बेरजेचं राजकारण. हा धागा मात्र कुणी फारसा ओढलेला मला दिसला नाही.

सहा वर्षांच्या आत दलाची परीक्षा झाली. १९७१ ला मार्चअखेर पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे सुरू झाले, तेव्हा पहिल्यांदा समोर होतं ते बीएसएफ. ताजुद्दीन अहमद सीमा ओलांडून आले तेव्हा त्यांना सामोरे गेले ते दलाचे अधिकारी गोलक मजुमदार. १७ एप्रिलला वैद्यनाथतळा इथल्या आंबराईत बांगलादेशच्या हंगामी सरकारने शपथ घेतली, त्यामागची धावपळ दलाचीच. मुक्तिवाहिनीच्या पहिल्या तुकड्यांना हत्यार धरायला शिकवलं तेही यांनीच. डिसेंबरात लष्कर ढाक्याला गेलं, शरणागतीचा तो फोटो इतिहासात गेला. त्या फोटोत हे नाहीत.

आपल्या डुबेरेचं एक सांगायचं राहून जाईल. पहिल्या बाजीरावांचा जन्म डुबेऱ्याचा, बर्वे वाड्यातला. त्यांच्या मुलाने, राघोबादादांनी, १७५८ साली पंजाब जिंकला आणि मराठे अटकेपर्यंत गेले. 'अटकेपार झेंडे' आपण लग्नाच्या मानपत्रातसुद्धा लिहितो. पण पुढचं वर्ष आपण वाचत नाही. राघोबादादा परत फिरले, मागे ठेवलेलं सैन्य अपुरं, १७५९ ला अब्दाली पुन्हा उतरला आणि पंजाब गेला. जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. सीमेवर जाणं एक आणि सीमेवर रोज, बाराही महिने, उभं राहणं दुसरं. दुसऱ्या कामाला पोवाडा मिळत नाही.

ते रोजचं उभं राहणं कसं असतं, हे मला त्या वावीकडच्या काकांनी सांगितलं. (मेजर म्हणायचं नाही असं ठरल्यापासून मी काका म्हणतो.) त्यांची पहिली मोठी पोस्टिंग जैसलमेरकडे. तिथे कुंपणालगत वाळूचा पट्टा रोज सपाट करायचा, आणि सकाळी त्यावर पाऊल उमटलंय का बघायचं. याला ते 'खुरा चेकिंग' म्हणतात. जुने पगी तर नुसत्या ठशावरून सांगत, माणूस ओझं घेऊन गेला की मोकळा. "सहा-सहा तास चालायचं, मान खाली घालून. पन्नास डिग्रीत. आपल्याकडे मे महिन्यात विहिरीवर जायचं म्हटलं तरी जीव जातो."

मग बंगाल. काकांच्या मते सगळ्यात अवघड बंगालच. "पाकिस्तानकडे शत्रू समोर असतो. बंगालला समोर कोण आहे तेच कळत नाही." भातशेतं, तळी, केळीच्या बागा, नदी जिने पात्र बदललं की सीमाच पाण्याखाली जाते, आणि घरं अगदी रेषेला चिकटलेली. रात्री धुक्यात वीसजणांचं टोळकं गुरं घेऊन धावत येतं. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पोत्याने पलीकडे जातात, कारण तिकडे दारूबंदी आणि त्याची नशा करतात. गोळी मारली तर चौकशी, नाही मारली तर विळा-कोयता अंगावर. २०११ नंतर तिथे प्राणघातक नसलेली हत्यारं वापरायचं धोरण आलं. ते का आलं, हेही लिहायला हवं. ७ जानेवारी २०११ ला फेलानी खातून नावाची पंधरा वर्षांची बांगलादेशी मुलगी कुंपण ओलांडताना बीएसएफच्या गोळीने मेली आणि तिचं प्रेत तासन् तास तारेवर लटकत राहिलं. दलाच्या न्यायालयाने जवानाला दोनदा निर्दोष ठरवलं. तो फोटो ज्याने पाहिला तो विसरत नाही. मी काकांना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या पोरीचं वाईट वाटतं. आणि त्या अंधारात ज्याचं बोट घोड्यावर होतं त्याचंही. पण पोरगी गेली ना साहेब." याच्यावर मी काय बोलणार.

त्या सीमेशी सिन्नरकरांचा एक सरळ धंद्याचा संबंध आहे, तो म्हणजे कांदा. आपल्या तालुक्यातला, लासलगाव-निफाडचा कांदा पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूरच्या नाक्यांवरून बांगलादेशात जातो. १४ सप्टेंबर २०२० ला केंद्राने अचानक निर्यातबंदी केली तेव्हा भरलेले ट्रक त्याच नाक्यांवर अडकले, कांदा सडला, भाव इथे पडले. तपासणी कस्टमवाल्यांची, बंदीचा निर्णय दिल्लीचा, पण फाटकावर वर्दीत उभा कोण? बीएसएफचा जवान. काका तेव्हा निवृत्त होऊन शेती करत होते. "पहिले मी त्या फाटकावर उभा राहून ट्रक मोजायचो. त्या वर्षी माझाच कांदा तिकडं गेला नाही," म्हणाले आणि हसले.

पंजाबची कथा आणखी वेगळी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे कुंपण घालायला सुरुवात झाली, पण ते प्रत्यक्ष रेषेवर नाही, आत घातलं. त्यामुळे हजारो एकर शेती कुंपणापलीकडे राहिली. शेतकऱ्याला ओळखपत्र दाखवून, झडती देऊन, फाटक उघडेल त्या वेळेत आपल्याच वावरात जावं लागतं. उंच पीक घ्यायचं नाही, कारण नजर अडते. रात्री पाणी भरायचा प्रश्नच नाही. आपल्याकडे रात्रीच्या लाइटवरून आपण रस्ता रोको करतो, तिथल्या शेतकऱ्याला रात्रच दिलेली नाही. शेतकऱ्यांसोबत पहाऱ्याला जाणाऱ्या जवानाचीही तीच गत. एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामनंतर दुसऱ्याच दिवशी, फिरोजपूरकडे असाच एक जवान चुकून रेषा ओलांडून गेला आणि तीन आठवडे पाकिस्तानच्या ताब्यात होता. १४ मे ला परत आला. आणि आता ड्रोन. कुंपण कितीही उंच करा, हेरॉइनची पुडकी वरून येतात.

२०२१ साली केंद्राने पंजाब, बंगाल, आसामात दलाच्या झडती-अटकेची हद्द १५ वरून ५० किलोमीटर केली, त्यावर राज्यं भडकली, पंजाब सर्वोच्च न्यायालयात गेला. कायदा-सुव्यवस्था राज्याची, सीमा केंद्राची. १९६५ आधी सगळं राज्यांकडे होतं म्हणून अडचण, आता केंद्राकडे फार गेलं म्हणून तक्रार. माझं मत विचाराल तर ५० किलोमीटर जरा जास्तच आहे. सिन्नरपासून तेवढ्या अंतरात नाशिक शहर येतं, संगमनेरही येतं.

आता ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायला घेतली ती. काका माझ्याकडे आले ते नुसती चूक दाखवायला नाही. माझ्या बातमीचं कात्रण घेऊन ते माजी सैनिकांच्या सवलतीसाठी एका कार्यालयात गेले होते. समोरच्याने कागद बघितले आणि सांगितलं, तुम्ही माजी सैनिक नाही. बातमीत लष्कर, कागदावर बीएसएफ. वर आणि टोमणा, "पेपरात छापून आणलं म्हणजे सैनिक होत नाही." तो टोमणा माझ्यामुळे होता.

कायद्याने कारकून बरोबर होता, हे आणखी वाईट. 'माजी सैनिक' या व्याख्येत भूदल, नौदल, वायुदल येतात. बीएसएफ, सीआरपीएफ येत नाहीत. २०१२ साली केंद्राने यांच्यासाठी वेगळं नाव काढलं, माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी, पण सवलती द्यायच्या की नाही ते राज्यांवर सोडलं. कॅन्टीनही वेगळं. आणि सगळ्यात मोठा काटा पेन्शनचा. काका १९९४ चे, त्यांना जुनी पेन्शन आहे. त्यांचा पुतण्या २०१२ ला त्याच दलात लागला. १ जानेवारी २००४ नंतरचा, म्हणून नवी योजना, बाजारावर हवाला. एकाच घरात, एकाच वर्दीच्या दोन पेन्शन. लष्कराला मात्र २००४ नंतरही जुनीच. जानेवारी २०२३ ला दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की हीसुद्धा संघराज्याची सशस्त्र दलं आहेत, यांना जुनी पेन्शन द्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शनचा पर्याय आलाय. पुतण्या सुट्टीवर आला की चुलते-पुतणे वही घेऊन हिशोब मांडत बसतात.

अधिकाऱ्यांचं दुखणं निराळं. दलात वीस वर्षं घालवलेल्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर आयपीएस येऊन बसतो. मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने या बाहेरून येणाऱ्या नेमणुका दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करा असं सांगितलंय. होतं का ते बघायचं. जेवणाच्या डाळीचा तो २०१७ चा व्हिडिओ तुम्हाला आठवत असेल. जवान बडतर्फ झाला, डाळीचं काय झालं त्याची बातमी कुणी केली नाही. मीही नाही.

आणि शेवटचं. नाशिक-पुणे हायवेच्या कडेला, ठाणगाव रस्त्याला, पहाटे पाचला पोरं पळताना दिसतात. स्टाफ सिलेक्शनच्या जीडी भरतीला २४ मिनिटांत ५ किलोमीटर लागतं, उंची १७० सेंटिमीटर. विचारलं तर सगळी म्हणतात, आर्मीची तयारी करतोय. फॉर्म मात्र भरलेला असतो बीएसएफ, सीआयएसएफ, सीआरपीएफचा. कुठे जाणार, कुणाच्या हाताखाली, कुठली पेन्शन, काहीच माहीत नसतं. काका आता त्यातल्या काहींना पहाटे मैदानावर जाऊन शिकवतात. पळायला आणि फॉर्म वाचायला, दोन्ही.

मी त्या बातमीची दुरुस्ती छापली होती, आतल्या पानावर, चार ओळी. ती काकांनी कापून ठेवलीय, पहिल्या कात्रणाच्या शेजारी. आता मी तालुक्यातल्या सीमा सुरक्षा दलातल्या सगळ्यांची यादी करतोय, निवृत्त, सेवेतले आणि जे परत आले नाहीत ते. दापूर, नायगाव, पांगरी, शहा, नांदूर शिंगोटे, जिथे कुणी असेल तिथून कळवा. भरतीचं वर्ष आणि बटालियन तेवढी नीट विचारून घ्या. या वेळी चूक नको.